इंकांचं सोनं त्या धुक्यात खरंच आहे का? आणि असलंच तर काढायचं कोणी?

रानभूल:

गेले दोन महिने डोक्यात एकच भुंगा आहे, यांगानातेस. बायको म्हणते झोपेत पण तेच बरळतोस. तर म्हटलं इथे टाकावं, म्हणजे घरच्यांची सुटका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६ नोव्हेंबर १५३२, पेरूतलं काहामार्का गाव. स्पॅनिश सरदार पिझारोने जेमतेम १६८ माणसं घेऊन इंका सम्राट अताहुआल्पाला भर चौकात पकडलं. त्याने सुटकेसाठी सांगितलं की ही जी खोली आहे, साधारण २२ फूट बाय १७ फूट, ती हात पोचेल तिथपर्यंत एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देतो. सोनं यायला लागलं, महिनोनमहिने येत राहिलं, आणि सगळं घेऊन वितळवून झाल्यावर १५३३ मध्ये स्पॅनिशांनी त्याला गळा आवळून मारला.

आता इथून पुढे दंतकथा. उत्तरेत क्विटोकडे त्याचा सेनापती रुमिन्यावी (नावाचा अर्थ दगडी डोळा, काय नाव आहे राव) सोन्याचा मोठा तांडा पाठवायच्या तयारीत होता म्हणे, राजाला मारल्याची बातमी आली आणि त्याने ते सगळं आजच्या इक्वाडोरमधल्या यांगानातेस डोंगरांत नेऊन दडवलं. स्पॅनिशांनी १५३५ मध्ये त्याला पकडून हालहाल करून मारलं, त्याने तोंड उघडलं नाही.

पण मला वेड लावलंय ते 'देर्रोतेरो'ने. वाल्वेर्दे नावाचा एक गरीब स्पॅनिश शिपाई, त्याने तिथल्या बाईशी लग्न केलं, अचानक श्रीमंत झाला, स्पेनला परतला आणि मरताना राजासाठी वाटेची माहिती लिहून गेला, तोच देर्रोतेरो. पियारो गावातून निघा, मोयाचा मळा विचारा, त्याच्या बरंच वर मुक्काम करा, मग ग्वापा डोंगराच्या माथ्यावर जा आणि आंबातो गावाकडे पाठ करून पूर्वेला बघा, हवा स्वच्छ असेल तर तीन डोंगर त्रिकोणात दिसतील, त्यांच्या उतारावर हाताने केलेलं तळं आहे, त्यात सोनं टाकलंय. पुढे 'चष्मा' नावाची दोन तळी, मधे नाकासारखी जमीन. मग मोठं काळं तळं, ते डावीकडे सोडा. आणि ही ठिकाणं खरी सापडतात! चष्मा तळी आजही तिथे आहेत. खोटं लिहिणारा माणूस इतक्या बारकाईने कशाला लिहील?

माझं म्हणणं सरळ आहे. लायडार आहे (वरून लेझर मारून जमिनीचा आकार दाखवणारं यंत्र), ड्रोन आहेत, तळ्याच्या तळाशी बघणारी यंत्रं आहेत. इक्वाडोर सरकारने एकदा नीट शोध घ्यावा, विषय संपवावा. तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज:

पहिला नंबर माझा. खजिना सापडला की धाग्यावरच्या सगळ्यांना समान वाटा, हे आधी लेखी द्या मग चर्चा.

इतिहासाची मास्तरीण:

रानभूल, लिहिलंय छान, पण 'खोटं लिहिणारा इतक्या बारकाईने कशाला लिहील' हे वाक्य वाचून हसले. अहो खोटं लिहिणाराच बारकाईने लिहितो, खरं सांगणारा 'त्या वडाच्या पुढे डावीकडे' एवढंच सांगतो. पियारोच्या आसपास गुरं घेऊन फिरलेल्या कुणालाही ती तळी ठाऊक असणार. चष्मा तळी सापडली म्हणून सोनं सिद्ध होत नाही, लिहिणारा तिथे हिंडला होता एवढंच सिद्ध होतं.

दुसरं, आकडे. नेटवर सगळीकडे ७५० टन सोनं असं फिरत असतं. काहामार्काला खंडणीचं जे सोनं वितळवलं त्याचा हिशोब लिहून ठेवलेला आहे, कारण स्पेनच्या राजाचा पाचवा हिस्सा काढायचा होता, आणि जिथे सरकारी हिस्सा असतो तिथे कारकून असतोच. ते साधारण ६ टन सोनं आणि त्याच्या दुप्पट चांदी भरली. घोडेस्वाराला जवळपास ९० पौंड सोनं मिळालं, पायदळवाल्याला त्याच्या निम्मं. आणि हे कुठून आलं, तर इंकांची राजधानी कुस्को, तिथल्या सूर्यमंदिराच्या भिंतींवरचे सोन्याचे ७०० पत्रे उचकटून काढले तेव्हा. साम्राज्याचं मुख्य देऊळ सोलून आणि वर इतर ठिकाणचं गोळा करून ६ टन होतात, मग क्विटोच्या एका सेनापतीकडे त्याच्या सव्वाशे पट कुठून आलं?

खडकू:

मास्तरीणबाईंच्या आकड्यांना जोडून. मी भूविज्ञानवाला, आयुष्य ड्रिलिंगच्या कोअर बघण्यात गेलंय. ७५० टन सोनं म्हणजे भरीव ठोकळा केला तर साधारण ३९ घनमीटर, म्हणजे आपली बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली काठोकाठ. ऐकायला एवढंसं वाटतं ना? पण उचलायला घ्या. माणशी २५ किलो धरले, त्या उंचीवर चिखलातून त्याहून जास्त धरू नका, तर ३०,००० हमाल लागतात. इंकांकडे घोडा नाही, बैल नाही, लामा आहे पण तो जड ओझं टाकलं की खाली बसतो आणि उठत नाही. आता ३०,००० माणसं, त्यांचं जेवण, त्यांची वाट, आणि मागे एकही खूण नाही, आणि त्यांतला एकही जण पुढे पोटातलं ओठावर आणत नाही? आमच्या सोसायटीत सात जणांत गुपित राहत नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही धाग्यात गाळलीत, मला वाटतं मुद्दाम. त्याच देर्रोतेरोत पुढे 'मार्गासितास' नावाच्या डोंगराचा उल्लेख आहे. मार्गासिता म्हणजे काय? पायराईट! वेड्यांचं सोनं! अख्खा डोंगर त्या नावाने ओळखला जातो, म्हणजे तिथे चमकणारा दगड किती असेल बघा.

चंद्रपूरकडे कोळशाच्या एका खाणीत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. कोळशात पायराईटचे गोळे येतात. एक नवा पोरगा, पहिलाच आठवडा, जेवणाच्या डब्यात भाजीखाली तसला एक गोळा लपवून घेऊन चालला होता. गेटवर मी डबा बघितला. चेहरा असा पडला होता त्याचा की मला ओरडवेना. मी फक्त हातोडी घेतली आणि गोळ्यावर एक टोला दिला, ठिणगी उडाली, गंधकाचा वास आला आणि भुगा झाला. सोन्यावर हातोडी मारली तर ते चपटं होतं, फुटत नाही. तो पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जसं काही मीच त्याचं सोनं दगड करून टाकलं.

सोनसाखळी:

सगळे एवढे हुशार आहात तर याचं उत्तर द्या. क्विटो हा अताहुआल्पाचा बालेकिल्ला. बेनाल्काझार नावाचा स्पॅनिश सरदार १५३४ मध्ये तिथे पोचला तेव्हा शहर जळत होतं, रुमिन्यावीनेच जाळलं होतं, आणि हाती लागलं जवळजवळ काहीच नाही. मग ते गेलं कुठे? सम्राटाच्या स्वतःच्या शहरात सोनं नव्हतं असं म्हणायचंय का तुम्हाला?

आणि ब्लेकचं काय? १८८६ च्या सुमारास बार्थ ब्लेक आणि चॅपमन, दोघं खलाशी, देर्रोतेरो घेऊन गेले. ब्लेकच्या पत्रांत आहे की सापडलं, सोन्याचे पक्षी, सोन्याची कणसं, मडकी, एकट्यादुकट्याने काढणं शक्य नाही एवढं. चॅपमन परतताना वारला. ब्लेक पैसे उभे करायला निघाला तो जहाजावरून समुद्रात पडला. पडला की पाडला?? ७५० टन सोडा हो, ५ टन असलं तरी खजिना तो खजिनाच.

इतिहासाची मास्तरीण:

सोनसाखळी, ५ टनांवर आलात, आनंद आहे. असंच खाली खाली येत रहा, जमेल आपलं.

क्विटोचा प्रश्न मात्र चांगला आहे, तो मी उडवून लावणार नाही. काहीतरी लपवलं असेलच. शत्रू दारात आला की मूर्ती विहिरीत टाकतात, देव हलवतात, हे आपल्याकडे गावोगाव झालेलं आहे. पण देवळातली भांडी चार ठिकाणी पुरणं वेगळं आणि तीस हजारांचा तांडा वेगळा. आणखी एक, इंकांकडे नाणं नव्हतं, सोन्याने बाजारात काही विकत मिळत नव्हतं. ते देवाचं आणि राजाचं होतं. 'खजिना' म्हणून साठवून ठेवायची कल्पना स्पॅनिश डोक्यातली, त्यांनी स्वतःची हाव रुमिन्यावीच्या डोक्यात घातली आणि मग त्याला विचारत बसले की सांग कुठे ठेवलंस.

ब्लेकचं म्हणाल तर ज्याला सापडलं तो मेला, त्याचा जोडीदार मेला, पुरावा समुद्रात. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा गृहपाठाबद्दल याहून बरी गोष्ट रचतात.

रानभूल:

खडकू साहेब, मुद्दाम गाळलं नाही हो, धागा लांब झाला होता. पण मार्गासितासचा भाग सगळ्यात मजेदार आहे हे मान्य. तिथे वाल्वेर्दे लिहितो की हा डोंगर डावीकडे सोडा आणि त्याला असा वळसा घाला, आणि 'असा'च्या पुढे शब्द नाहीत, एक गिरकी काढलेली आहे फक्त. एका गिरकीवर पिढ्यान्पिढ्या भांडतायत लोक, उजवीकडून की डावीकडून, वर चढून की खालून. त्याच्या पुढे देवळाच्या दारासारखं तोंड असलेलं भुयार, धबधबा, आणि एक थरथरणारी दलदल जिच्यात सोन्याचे कण आहेत म्हणे.

आणि याच जागी सगळ्यांची वाट संपते. स्पेनच्या राजाच्या हुकमावरून सरकारी मोहीम निघाली होती, सोबत पाद्री लोंगो होते, ते एका संध्याकाळी मुक्कामाजवळून जे नाहीसे झाले ते परत दिसलेच नाहीत. मग अतानासिओ गुझमान, वनस्पतींचा अभ्यासक, पियारोत राहून त्याने या भागाचा मोठा नकाशा काढला. त्याला झोपेत चालायची सवय होती. एका रात्री झोपेत चालत बाहेर पडला आणि कड्यावरून गेला. म्हणजे जागेपणी यांगानातेसमधून धडधाकट परतलेला माणूस झोपेत मेला.

चहाबाज:

बायको म्हणते तू झोपेत तेच बरळतोस, असं वर तुम्हीच लिहिलंय. रानभूल, बेडरूमच्या दाराला कडी लावत जा.

परदेशी अण्णा:

बरेच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच. मी तिथे जाऊन आलोय. म्हणजे खजिन्यासाठी नाही, लेक कामानिमित्त क्विटोत होती तेव्हा आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी तीन आठवडे राहिलो, आणि मी हट्टाने एक दिवस पियारोला गेलो.

पहिलं म्हणजे उच्चार. यांगानातेस म्हणालो की तिथले लोक गोंधळतात, डोंगराकडच्या भागात ते 'झांगानातेस'च्या जवळचं काहीतरी म्हणतात. आंबातोहून पियारोला बस आहे. गावात रुमिन्यावीचा पुतळा, तो आमच्याच गावचा असं ते सांगतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सैतानाचे मुखवटे घालून नाचायचा त्यांचा सण असतो, आम्ही गेलो तेव्हा तो होऊन गेला होता, पण एका दुकानाबाहेर ते शिंगांचे मुखवटे उन्हात वाळत टाकल्यासारखे मांडलेले, आमची ही म्हणाली दशावतारातले राक्षस इथे कसे आले.

तिथून जीपने वर, पिसायाम्बो तळ्याकडे. साडेतीन हजार मीटर. रानभूल, तुम्ही सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करता ना, तर जुलैतला राजगड डोळ्यांपुढे आणा आणि त्यातून झाडं काढून टाका, श्वास अर्धा करा आणि पायाखाली कातळाऐवजी स्पंज ठेवा. गवत कंबरेएवढं, आणि ते गवत नाहीच, प्रत्येक झुबका म्हणजे एक डुगडुगणारं मडकं, त्यावर पाय ठेवावा तर घसरतो आणि दोन झुबक्यांमधे ठेवावा तर गुडघ्यापर्यंत काळ्या पाण्यात. माझा डावा बूट तिथे राहिला असता, गाईड पोटावर झोपून हात घालून काढून दिला त्याने. केसाळ पानांची ती फ्राइलेहोनची झाडं धुक्यात अशी उभी असतात की वाटतं घोंगडी पांघरून माणसंच उभी आहेत. पाऊस पडत नाही, तो तिथे असतोच. आम्ही चार तासांत किती गेलो असू? जेमतेम तीन किलोमीटर. लायडार ठीक आहे, पण लायडारने दाखवलेल्या जागी पोचायला माणूसच लागणार ना.

आणि ते पिसायाम्बो तळं आता धरण आहे, १९७० च्या दशकात बांध घालून पाणी वाढवलं, वीज काढतात. गाईडला विचारलं तुझा विश्वास आहे का खजिन्यावर. तो म्हणाला, पियारोत प्रत्येकाचा एक काका असतो ज्याला जागा माहीत असते. मग थोडं थांबून म्हणाला, माझा पण आहे. मी म्हटलं मग काका काय करतो. म्हणाला बटाटे लावतो.

येताना गावात एका टपरीवर चमकणारा दगड घेतला एक डॉलरला (तिथे चलन डॉलरच आहे, २००० सालापासून). अजून टीव्हीशेजारी आहे.

सोनसाखळी:

अण्णा तुम्ही प्रत्यक्ष जाऊन आलात आणि दगड घेऊन बटाट्याची गोष्ट सांगताय. धन्य आहात.

वकीलीणबाई:

'आहे की नाही' यावर सगळे भांडतायत, शीर्षकातला दुसरा प्रश्न कोणी घेतलाच नाही म्हणून लिहिते. माझं मत, असलं तरी शोधू नये, निदान खजिना म्हणून तरी नाही.

कोलंबियातल्या ग्वाताविता तळ्याचं काय झालं वाचा, तिथे तर सोनं खरंच होतं, मुइस्का लोक ते देवाला म्हणून तळ्यात सोडत. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात डोंगराच्या कडेला खाच पाडून पाणी काढायचा घाट घातला, ती खाच आजही दिसते, दरड कोसळून मजूर मेले. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज कंपनीने भुयार खणून अख्खं तळं रिकामं केलं. खाली कंबरेएवढा गाळ, त्यात माणूस उभा राहू शकेना, आणि दुसऱ्या दिवशी उन्हाने तोच गाळ सिमेंटसारखा कडक. हाताला जे लागलं ते लंडनला लिलावात विकून सुमारे ५०० पौंड आले. खर्चही निघाला नाही. शेवटी १९६५ मध्ये कोलंबिया सरकारने बंदी घातली. आणि मुइस्कांचा तो सोन्याचा छोटा तराफा, बोगोताच्या संग्रहालयातला, तो तळ्यातून नाही मिळाला, १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या एका गुहेत शेतकऱ्यांना मिळाला.

आणि तो अमेरिकन बिंगहॅम? १९११ मध्ये पेरूत माचू पिचूला, इंकांच्या जुन्या ओसाड शहराला, पोचला, वस्तू अभ्यासाला म्हणून येल विद्यापीठात नेल्या, त्या पेरूला परत मिळायला १०० वर्षं लागली. यांगानातेस १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, दोन लाख हेक्टरच्या वर, डोंगरी टापीर, चष्मेवाली अस्वलं आहेत तिथे. इक्वाडोरच्या २००८ च्या राज्यघटनेत तर निसर्गालाच हक्क दिलेत. पुरातन वस्तू सापडली तर ती सरकारची. मग 'शोधून विषय संपवावा' म्हणजे नेमकं काय, पंप लावून तळी उपसायची?

आणि अण्णा, दगड राष्ट्रीय उद्यानातून आणलात का?

परदेशी अण्णा:

अहो वकीलीणबाई, टपरीवरून म्हटलंय ना! टपरीवाल्याने कुठून आणला ते त्याला विचारा.

वकीलीणबाई:

चोरीचा माल घेणारे सगळे हेच सांगतात. (गंमत करतेय. थोडी.)

रानभूल:

वकीलीणबाई, तुमचा मुद्दा पटतो पण अर्धाच. कुणी शोधायचंच नाही म्हटलं तर काय होतं ते पेरूत सिपानला दिसलं की. १९८७ मध्ये चोरट्यांनी रात्री थडगं फोडलं (तिथे या लोकांना वाकेरो म्हणतात, पिढीजात धंदा), त्यांच्यात वाटणीवरून भांडण झालं, पोलिसांना कळलं, मग पुरातत्त्ववाले वॉल्तर आल्वा तिथे जाऊन बसले आणि थडग्यातला 'सिपानचा सरदार' जगाला मिळाला. ते मोचे लोकांचं, इंकांच्याही हजारेक वर्षं आधीचं. आल्वा पोचले नसते तर सगळं तुकड्यातुकड्याने परदेशी दिवाणखान्यांत गेलं असतं. सिपानचाच एक सोन्याचा दागिना १९९७ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोलिसांनी पकडला, १६ लाख डॉलरला विकत होते. मी म्हणतो पुरातत्त्ववाल्यांनी आधी जावं, नाहीतर दुसरे जातातच.

खडकू:

हे बरोबर बोललात. पण सिपान वाळवंटातलं. कोरडं, मातीच्या विटांचा ढिगारा, खणलं की थर दिसतात. यांगानातेसमधे दरडी कोसळतात, नद्या पात्र बदलतात, पाच शतकं भूकंप चाललेत. तळं म्हणून जे लिहिलंय ते आज तळं असेलच असं नाही. लायडार जमिनीचा आकार दाखवतो, गाळाखाली काय आहे ते नाही. वीस मीटर पीटखाली (कुजलेल्या गवता-झाडांचा थर) मडकं पडलं असेल तर वरून त्याची काही खूण उरत नाही हो.

माझा अंदाज वेगळा आहे. त्या भागात जुन्या खाणी होत्या. गुझमानचंच बघा, तो आणि त्याचे सोबती खजिन्यासाठी गेले आणि सापडल्या चांदी-तांब्याच्या सोडून दिलेल्या जुन्या खाणी, मग त्याच चालवायला लागले. देर्रोतेरोच्या शेवटीही धातू गाळायच्या भट्ट्यांचा उल्लेख आहे. भुयार, भट्टी, सोन्याच्या कणांची दलदल. हे खजिन्याचं वर्णन नाही, खाणीचं आहे! वाल्वेर्दे श्रीमंत झाला असेल तर कण धुऊन झाला असेल, कुणी दडवलेलं उचलून नाही.

रानभूल:

हं. हे मात्र मला सुचलं नव्हतं. दोन महिने वाचतोय आणि भट्टी हा शब्द मी दरवेळी ओलांडून पुढे गेलोय.

सोनसाखळी:

लगेच पटलं? रानभूल तुम्ही फारच लवकर शस्त्रं टाकता राव. खाण होती म्हणून खजिना नाही हे कुठलं लॉजिक. उलट लपवायला जुनी ओसाड खाण यापेक्षा चांगली जागा कोणती?

चहाबाज:

सोनसाखळीताई तुम्ही पियारोला शिफ्ट व्हा, तुम्हाला तिथे काका मिळेल. आता कोणीतरी येऊन 'खरा खजिना म्हणजे निसर्ग' लिहीलच, त्याआधी मी चहा टाकून येतो.

इतिहासाची मास्तरीण:

चहाबाज, निसर्ग नाही, पण जवळचंच लिहिणार होते, आता ओशाळल्यासारखं झालं. तरी लिहिते.

देर्रोतेरो जगाला कळला कुणामुळे? रिचर्ड स्प्रूस, इंग्रज वनस्पतीवाला. १८५७ पासून तीन-चार वर्षं तो बान्योस आणि आंबातोच्या बाजूला होता. मूळ कागद लाताकुंगाच्या दफ्तरातून आधीच गहाळ झालेला, पण नकला होत्या, त्यातली एक त्याने मिळवली, गुझमानचा नकाशाही उतरवून घेतला, आणि दोन्ही लंडनच्या भूगोल सोसायटीच्या नियतकालिकात १८६१ च्या सुमारास छापून आणलं. म्हणजे आज जो कोणी खजिना शोधतो तो स्प्रूसच्या कागदावरून. आणि गंमत म्हणजे तो स्वतः खजिन्याच्या मागे गेलाच नाही. त्याला ब्रिटिश सरकारने वेगळ्या कामाला लावलं होतं: सिंकोना, ज्याच्या सालीतून क्विनाईन निघतं ते झाड. चिंबोराझो डोंगराच्या पायथ्याच्या जंगलातून त्याने १८६० मध्ये लाल सालीच्या सिंकोनाच्या लाखभर बिया आणि सहाशेच्या वर रोपं जमवली, आणि ती आली कुठे तर निलगिरीला! आपल्या पणजोबांनी तापात जी कडूजहर क्विनाईनची पूड गिळली तिच्या मुळाशी हा माणूस. त्या कामात अंगावरून वारं गेलं त्याच्या, आणि साठवलेले पैसे पुढच्याच वर्षी ग्वायाकिलची पेढी बुडून गेले.

वकीलीणबाई:

मास्तरीणबाई, हे सगळं खरं, पण सांगताना तुमचा सूर फार कौतुकाचा लागला. तीही लूटच की. सोनं नेलं तेव्हा निदान जगाला चोरी दिसली, झाड नेलं तेव्हा त्याला विज्ञान म्हणाले. त्या साली गोळा करणाऱ्या इक्वाडोरच्या लोकांच्या हाती काय पडलं?

इतिहासाची मास्तरीण:

मान्य. पण मलेरियाने मरणाऱ्याला तुम्ही हे सांगू शकला असता का? मी नसते सांगू शकले. दोन्ही खरं आहे आणि मला ते एकमेकांत बसवता येत नाही, वर्गात पण मी इथेच अडते.

रानभूल:

लिंगमळ्याला, महाबळेश्वरला, पण सिंकोना लावून बघितला होता ना इंग्रजांनी? जमला नाही तिथे. धबधब्याच्या बाजूला शंभरदा गेलोय, हे डोक्यात कधी आलंच नाही.

धाग्यावरून माझं मत थोडं हललंय हे कबूल करतो. तळी उपसू नयेत. पण भट्ट्या शोधाव्यात. खाणी शोधाव्यात, इंकांनी तिथे नेमकं काय काढलं ते कळलं तरी मला झोप लागेल.

खडकू:

त्याला माझा पाठिंबा. फक्त त्या मोहिमेला पैसे कोण देणार, 'भट्टी सापडली' म्हणून पेपरात पहिल्या पानावर फोटो येत नाही.

अण्णा, ते टीव्हीशेजारचं रत्न तपासायचं का? हातोडी नको, बायको ओरडेल. बाथरूमची एखादी उरलेली टाईल असेल तर मागच्या खरखरीत बाजूवर घासा. पिवळी रेघ आली तर मला आधी फोन करा. हिरवट काळी आली तर पायराईट.

परदेशी अण्णा:

इथे कुठली हो उरलेली टाईल. चहाच्या कपाचं बूड चालेल का?

खडकू:

चालेल. जिथे ग्लेझ नसतं, ती कड.

सोनसाखळी:

अण्णा फोटो टाका!!

परदेशी अण्णा:

काळी आली. थोडी हिरवट झाक. कप हिच्या लग्नातल्या सेटमधला होता हे मला आत्ता कळलं. वकीलीणबाई, दगड मी परत नेऊन देऊ म्हणता?

वकीलीणबाई:

कपाचं आधी बघा.